बाप्तिस्म्याकडे जाताना : नाशिकच्या मंडळ्यांत नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नाशिकमध्ये ‘स्नान’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रामकुंड उभे राहते, आणि त्यात वावगे काहीच नाही. ज्या गावात दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो आणि एरवीही पहाटेपासून गोदावरीच्या पायऱ्यांवर माणसे उतरत असतात, तिथे पाण्याने पवित्र होण्याची कल्पना कोणाला समजावून सांगावी लागत नाही. चर्चमध्ये नव्याने येऊ लागलेले लोक बाप्तिस्म्याविषयी, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत येताना पाण्याने होणाऱ्या विधीविषयी, विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हेच चित्र असते, आणि कॅथलिक मराठीत बाप्तिस्म्याला ‘स्नानसंस्कार’ असेही म्हणत असल्यामुळे तो समज आणखी पक्का होतो. म्हणून दोन फरक मी आरंभीच सांगतो. तीर्थस्नानाला माणूस स्वतः जातो, स्वतः बुडी मारतो आणि आयुष्यात कितीही वेळा मारू शकतो. बाप्तिस्मा मात्र कोणालाही स्वतःचा स्वतः घेता येत नाही, तो दुसऱ्याच्या हातून मिळतो. आणि तो जन्मात एकदाच मिळतो.

शरणपूर रोडच्या परिसरातील एका मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या समुदायात, मी बरीच वर्षे बाप्तिस्म्यापूर्वीच्या वर्गांना मदत करतो आणि बाप्तिस्म्याची नोंदवहीही सांभाळतो. या काळात मी पाहिले आहे की, नवीन माणसाचे बहुतेक प्रश्न पाण्याविषयी आणि कागदाविषयी असतात. मंडळीविषयी प्रश्न क्वचितच येतो. माझ्या मते मात्र खरी गोष्ट तिथेच आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याला उपासनेत प्रश्न विचारले जातात हे सर्वांना ठाऊक असते. पण अनेक मंडळ्यांच्या विधीत त्यानंतर जमलेल्या सर्वांनाही प्रश्न विचारला जातो की, या व्यक्तीला विश्वासात वाढण्यासाठी तुम्ही साहाय्य कराल काय, आणि सर्वांनी मोठ्याने उत्तर द्यायचे असते. ते उत्तर ज्याने मनापासून ऐकले, त्याला बाप्तिस्म्याचा अर्धा अर्थ तिथेच समजतो.

अर्थ काय आहे, हे आधी पाहावे

‘बाप्तिस्मा’ हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला असून त्याच्या मुळाशी बुडवणे, पाण्यात घालणे, धुणे असे अर्थ आहेत. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, या एका क्रियेला अनेक अर्थांचे पदर जोडलेले आहेत आणि नवागताने त्यांपैकी एकच धरून बसू नये. पापे धुऊन जाणे हा त्यांतला सर्वांना पटकन कळणारा पदर. आरंभीच्या मंडळीतला धर्मप्रचारक प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात याहून खोल जातो. तो म्हणतो की बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठतो. म्हणजे पाणी हे इथे केवळ न्हाणीघर नाही, ती कबरही आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हाच पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताला वस्त्राप्रमाणे अंगावर घेणे म्हणतो, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात सांगतो की आता यहूदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद उरत नाही. महाराष्ट्रातल्या माणसाला हे वाक्य किती जड आहे हे निराळे सांगायला नको. एकाच पात्रातले पाणी सर्वांच्या डोक्यावर ओतले जाते, ही गोष्ट आपल्या गावांतल्या पाणवठ्यांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला शोभेची वाटणार नाही.

येशूने स्वतः यार्देन नदीत योहान नावाच्या संदेष्ट्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याला पापांची क्षमा कशाला हवी होती, हा प्रश्न वर्गात दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो आणि तो चांगला प्रश्न आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) स्वतः योहानानेच तो विचारला आहे. मंडळीने त्याचे उत्तर असे समजून घेतले आहे की, येशू पाप्यांच्या रांगेत उभा राहिला, तो त्यांच्याशी एक होण्यासाठी. पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांना आज्ञा दिली की सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्यांना बाप्तिस्मा द्या. त्या आज्ञेत ‘शिष्य करा’ हे शब्द आहेत, आणि बाप्तिस्म्यापाठोपाठ लगेच ‘शिकवा’ असेही आहे, याकडे लक्ष द्यावे. बाप्तिस्मा शिष्यपणाच्या आरंभी येतो. ‘मी अजून तेवढा चांगला झालो नाही’ म्हणून वर्षानुवर्षे थांबणारे सज्जन लोक मी पाहिले आहेत. त्यांनी हा क्रम उलटा धरलेला असतो.

आपण कोणत्या मंडळीत आलो आहोत, हे ओळखावे

नाशिकमध्ये ख्रिस्ती समाज एकाच परंपरेचा नाही आणि नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथेच उडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी इथे ‘शरणपूर’ ही वसाहत उभी केली, आणि आज शरणपूर रोड हे नाव त्याच वसाहतीची खूण आहे. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही इथे आणून शिकवली जात. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. अँग्लिकन परंपरेचा नाशिक धर्मप्रांत (बिशपांच्या देखरेखीखालचे क्षेत्र) १९२९ मध्ये स्थापन झाला. आज तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेचा नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला. याशिवाय केरळातून आलेल्या कुटुंबांच्या सिरियन परंपरेच्या मंडळ्या, पेंटेकॉस्टल मंडळ्या आणि घरांत किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या अनेक स्वतंत्र मंडळ्या शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत आहेत.

या सर्वांत मोठा फरक असा की, काही मंडळ्या तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात आणि काही केवळ समजून-उमजून विश्वास कबूल करणाऱ्यांनाच देतात. कॅथलिक, अँग्लिकन, मेथॉडिस्ट, सिरियन या परंपरा पहिल्या प्रकारच्या, तर बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल दुसऱ्या प्रकारच्या. पहिला पक्ष म्हणतो की देवाची कृपा बाळाने काही करण्यापूर्वीच त्याच्याकडे येते, आणि नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लुदिया व फिलिप्पै येथील तुरुंगाचा अधिकारी यांच्या ‘घराण्यांचा’ बाप्तिस्मा झाल्याचे तो दाखवतो. दुसरा पक्ष म्हणतो की नव्या करारात आधी विश्वास आणि मग बाप्तिस्मा हाच क्रम ठळक दिसतो. १९७० मध्ये नोव्हेंबर महिन्यात नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा त्यांत बॅप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळ्याही होत्या. म्हणून त्या एकीकरणात दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या. मला हा निर्णय मराठी मंडळ्यांनी अभिमान बाळगावा असा वाटतो, कारण दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापला आग्रह न सोडता एका मेजाशी बसण्याची वाट त्यांत काढली.

पाणी किती, यावरूनही वाद होतात. ‘दिदाखे’ नावाचे एक अत्यंत प्राचीन ख्रिस्ती लिखाण आहे. त्यात वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा असे सांगून पुढे म्हटले आहे की वाहते पाणी नसेल तर दुसरे चालेल, थंड नसेल तर ऊन चालेल, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीनदा ओतावे. इतक्या आरंभीच्या काळातही मंडळीने इतका मोकळेपणा ठेवला होता, हे वाद घालणाऱ्यांच्या कानावर घालण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी. आपला लहानपणी एखाद्या मंडळीत पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झालेला असेल, तर कॅथलिक व चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या मंडळ्या तो पुन्हा देणार नाहीत. कारण प्रेषितीय विश्वास ‘एकच बाप्तिस्मा’ मानतो. काही स्वतंत्र मंडळ्या बाळपणीचा बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाहीत आणि पुन्हा घ्यायला सांगतात. असा आग्रह झाला तर घाईने होकार देऊ नये. आधी ज्या मंडळीत लहानपणी बाप्तिस्मा झाला तिथल्या पाळकांशी (पास्टरांशी) किंवा धर्मगुरूंशी एकदा बसून बोलावे.

पहिले पाऊल : पाळकांना भेटावे, आणि घरी बोलावे

रविवारच्या उपासनेनंतर दारात पाळक सर्वांशी हस्तांदोलन करतात, ती वेळ या बोलण्याची नव्हे. तेव्हा फक्त भेटीची वेळ मागावी. भेटीत आपण कोण, चर्चमध्ये कसे आलो, घरात कोणाला माहीत आहे, हे मोकळेपणाने सांगावे. चांगला पाळक लगेच तारीख देत नाही. ज्याने पहिल्याच भेटीत तारीख दिली, किंवा बाप्तिस्मा घेतल्यावर नोकरी लागेल, शाळेत प्रवेश मिळेल, आजार नक्की बरा होईल असे सांगितले, तिथून नमस्कार करून निघून यावे. बाप्तिस्म्याला किंमत नसते आणि त्याच्या बदल्यात काही मिळतही नसते. प्रेषितांच्या कृत्यांत शिमोन नावाच्या जादूगाराने पवित्र आत्म्याचे दान पैशांनी विकत घेऊ पाहिले तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला कठोर शब्दांत धुडकावले, तो प्रसंग आठव्या अध्यायात आहे आणि तो प्रत्येक नवागताने वाचावा.

घरच्यांशी बोलणे हा भाग अनेकांना पाण्यात उतरण्यापेक्षा अवघड जातो. इथे मला नाशिकचीच एक आठवण द्यावीशी वाटते. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरच्या. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर काय कोसळले, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात इतक्या सरळपणे लिहिले आहे की वाचणाऱ्याचा गळा दाटून यावा. पुढे काही वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्या विचाराने. म्हणून विवाहित माणूस एकटा माझ्याकडे येतो तेव्हा मी त्याला आधी विचारतो की घरच्या माणसाशी बोललात का. त्यांची परवानगी मिळवा असा त्याचा अर्थ नाही. सज्ञान माणसाचा निर्णय त्याचाच असतो. पण त्यांना तो शेजाऱ्याच्या तोंडून कळू नये. आणि लहान मुलाच्या बाबतीत आई व वडील दोघांची संमती घेतल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

टिळकांविषयी आणखी एक गोष्ट. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा दिली. बाप्तिस्मा न घेता चर्चच्या शेवटच्या बाकावर वर्षानुवर्षे येऊन बसणाऱ्या माणसाकडे मंडळीने कोणत्या नजरेने पाहावे, हे मी टिळकांच्या या धडपडीतून शिकलो.

दुसरे पाऊल : शिकवणीचा काळ

कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रौढांच्या तयारीचे टप्पे ठरलेले आहेत आणि ती बहुधा कित्येक महिने चालते. तिची परिणती ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत होते, कारण मरण आणि पुनरुत्थान यांचा अर्थ त्या रात्री सर्वांत स्पष्ट असतो. इतर मंडळ्यांत कालावधी पाळक ठरवतात. वर्गांत साधारणपणे प्रेषितांचा विश्वासांगीकार (विश्वासाच्या मुख्य गोष्टी सांगणारी घोषणा), प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, एखादे शुभवर्तमान आरंभापासून शेवटपर्यंत आणि मंडळीच्या उपासनेची रीत शिकवली जाते. मी सुचवेन की मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. ते सर्वांत लहान आहे आणि दोन बैठकांत मोठ्याने वाचून होते. पाठांतराची भीती बाळगू नये. पण विश्वासांगीकार तोंडपाठ करावाच, कारण उपासनेत तो सर्वांबरोबर म्हणताना हातातल्या पुस्तकाकडे पाहावे लागले नाही तर शब्दांकडे लक्ष राहते.

या काळात वर्गापेक्षाही महत्त्वाचे काही असेल तर ते म्हणजे दर रविवारी एकाच मंडळीत येणे. आज शरणपूरला, पुढच्या आठवड्यात नाशिकरोडला बाळ येशूच्या दर्शनाला आणि त्यानंतर मित्राच्या घरच्या प्रार्थनेला, असे फिरणाऱ्याला खूप काही ऐकायला मिळते, पण त्याला कोणी ओळखत नाही. आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी ज्यांनी ‘आम्ही साहाय्य करू’ म्हणायचे, त्यांना निदान आपले नाव ठाऊक असायला हवे.

तिसरे पाऊल : धर्ममाता आणि धर्मपिता

बाळासाठी, आणि पुष्कळ मंडळ्यांत प्रौढांसाठीही, धर्ममाता-धर्मपिता निवडावे लागतात. कॅथलिक नियमांनुसार एक असला तरी चालतो, दोन असल्यास एक पुरुष व एक स्त्री हवी. वय साधारणपणे १६ पूर्ण हवे, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार) झालेले हवे, आणि ते बाळाचे आईवडील असू शकत नाहीत. दुसऱ्या मंडळीतली बाप्तिस्मा झालेली व्यक्ती कॅथलिक धर्मपालकाच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. मिश्र कुटुंबांत ही सोय फार उपयोगी पडते.

आपल्याकडे या निवडीत एक खोड आहे. दुबईत किंवा पुण्यात असलेला यशस्वी मामा निवडायचा, तो एक दिवस येऊन बाळाच्या गळ्यात सोन्याची साखळी घालतो आणि पुढे थेट लग्नातच भेटतो. मामाने साखळी अवश्य घालावी. पण धर्मपिता असा निवडावा की जो रविवारी त्या मुलाच्या बाकाजवळून जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवील आणि ते चौदा वर्षांचे होऊन चर्चला यायचे टाळू लागले की घरी येऊन त्याच्याशी बोलेल.

चौथे पाऊल : कागदपत्रे

बाळासाठी जन्मदाखला, आईवडिलांच्या बाप्तिस्म्याचे व लग्नाचे दाखले आणि धर्मपालकांची माहिती मागितली जाते. प्रौढासाठी ओळखपत्र, वयाचा पुरावा आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज असावा, ज्यात आपण स्वेच्छेने हे पाऊल उचलत आहोत असे लिहिलेले असते. अर्ज खरोखरच स्वतः लिहावा. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली फक्त सही करू नये.

नोंदवहीत जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, नाव, आईवडिलांची नावे, पत्ता, धर्मपालक आणि विधी करणारा यांचे रकाने असतात. या रकान्यांशी माझा स्वतःचा एक धडा जोडलेला आहे. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मी उत्साहाच्या भरात तिचे आजीने ठेवलेले घरचे नाव सांगितले आणि तेच नोंदवले गेले. जन्मदाखल्यावर दुसरे नाव होते. तिच्या लग्नाच्या वेळी दोन्ही नावांची मुलगी एकच आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करावे लागले, आणि तिच्या डोळ्यांतले पाणी मला अजून आठवते. म्हणून आता मी प्रत्येक कुटुंबाला नोंद करण्यापूर्वी जन्मदाखला समोर ठेवायला सांगतो, आणि नाव, वडिलांचे नाव, आडनाव अक्षर न् अक्षर ताडून घेतो. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंगही एकच ठेवावे.

बाप्तिस्म्याचा दाखला हा जन्मदाखल्याचा पर्याय नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशासारख्या कामांत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा मानला जातो, तेव्हा महानगरपालिकेतील जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करून घ्यावी आणि मगच बाप्तिस्म्याची तारीख धरावी.

आता एक गंभीर गोष्ट, जी लपवून ठेवणे मी अप्रामाणिक समजतो. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे व धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख व बौद्ध यांखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नाही, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म आचरणाऱ्या स्त्रीचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. अनुसूचित जमातींना हा आदेश लागू नाही. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांचे शिक्षण व नोकऱ्या अनुसूचित जातीच्या दर्जावर अवलंबून आहेत. हा नियम अन्याय्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे, पण तो आहे, आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याला तो आधी ठाऊक असला पाहिजे. धर्मबदलाची नोंद राजपत्रात करायची असेल, किंवा धर्मांतरासंबंधी त्या वेळी राज्यात लागू असलेल्या नियमांप्रमाणे काही कळवायचे असेल, तर त्याबाबत तारखेपूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा.

तो दिवस

आदल्या दिवशी शक्य असेल तर उपवास करावा. ‘दिदाखे’त बाप्तिस्मा घेणाऱ्याने एक-दोन दिवस उपवास करावा असे सांगितले आहे, आणि बाप्तिस्मा देणाऱ्यानेही करावा असे म्हटले आहे. पांढरे किंवा साधे कपडे असावेत. बाळाला झबले असे घालावे की गळा सहज मोकळा करता येईल. कॅथलिक विधीत छातीवर व मस्तकावर तेलाचा अभिषेक होतो, आणि भरजरी झबल्याच्या गाठी सोडवताना आईची तारांबळ उडालेली मी अनेकदा पाहिली आहे. एक मऊ टॉवेल आणि बदलायचे कपडे बरोबर ठेवावेत.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ बोचरी असते. आमच्या चर्चमध्ये त्या दिवसांत एक वयस्कर मावशी थर्मासमध्ये कढत पाणी घेऊन येतात, उपासना सुरू होण्यापूर्वी ते दगडी पात्रातल्या गार पाण्यात थोडे थोडे ओततात, आणि नातवाला न्हाऊ घालताना पाहावे तसे कोपर बुडवून पाहतात. मग पदराने कोपर पुसून आपल्या जागी जाऊन बसतात. विधीच्या पुस्तकात याचा उल्लेख कुठेही नाही.

विधीचा गाभा लहान आहे. आरंभी सैतानाचा व पापाचा त्याग आणि ख्रिस्तावरील विश्वास यांविषयी प्रश्न विचारले जातात. बाळाच्या वतीने आईवडील व धर्मपालक उत्तरे देतात. मग पाण्यावर प्रार्थना होते, तीत सृष्टीच्या आरंभीचे पाणी, नोहाचा जलप्रलय, तांबड्या समुद्रातून झालेली सुटका आणि यार्देन यांची आठवण केली जाते. त्यानंतर नाव घेऊन, पाण्यात बुडवून किंवा मस्तकावर पाणी ओतून पाळक म्हणतात, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ हे शब्द बदलायचे नसतात. काही ठिकाणी आपुलकीने ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हटले जाऊ लागले, तेव्हा २०२० मध्ये व्हॅटिकनने तसा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे स्पष्ट केले. पुष्कळ मंडळ्यांत मग कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि पेटवलेली मेणबत्ती हाती देतात.

पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांसाठी एक सूचना. चर्चच्या आवारात हौद असेल तर उत्तम. आपल्या भागात द्राक्षबागांना पाणी द्यायला खोदलेली शेततळी जागोजागी आहेत आणि ती सोयीची वाटतात, पण त्यांच्या उतारावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही आणि बाहेर येणे पोहणाऱ्यालाही कठीण जाते. तिथे कोणालाही उतरवू नये. हौदातही बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी कोरड्यात एकदा सराव द्यावा की हात छातीवर कसे धरायचे आणि श्वास केव्हा रोखायचा. म्हणजे त्या क्षणी घाबरण्यात मन जात नाही.

तातडीचा प्रसंगही सांगून ठेवतो. बाळ किंवा प्रौढ मृत्यूच्या दारात असेल आणि पाळक येण्याइतका वेळ नसेल, तर कॅथलिक व अँग्लिकन परंपरेत कोणीही मस्तकावर पाणी ओतून वरील शब्द म्हणत बाप्तिस्मा देऊ शकतो. रुग्णालयात परिचारिकेने असा बाप्तिस्मा दिल्याच्या नोंदी जुन्या वह्यांत असतात. बाळ वाचले तर पाळकांना कळवून नोंद करून घ्यावी. पाण्याचा विधी पुन्हा होत नाही, मंडळीत स्वागत तेवढे होते.

त्यानंतर

बाप्तिस्मा कोणाच्या हातून झाला याला आपल्याकडे फार महत्त्व दिले जाते. बिशपांच्या हातून झाला तर तो अधिक मोठा असे काहींना वाटते. करिंथच्या मंडळीत याच कारणाने गट पडले होते, तेव्हा पौलाने लिहिले की आपण तिथे फारच थोड्यांना बाप्तिस्मा दिला याबद्दल तो देवाचे आभार मानतो. आणि याच्या उलट, ज्या पाळकाने बाप्तिस्मा दिला तो पुढे वाईट वागला म्हणून स्वतःचा बाप्तिस्मा खोटा ठरला की काय, या शंकेने कोणी खचून जाऊ नये. चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेतील मंडळीत हाच वाद पेटला होता आणि संत ऑगस्टीन यांनी ठामपणे सांगितले की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नसतो.

पुढच्या रविवारी चर्चला यावे. हे लिहिण्याची गरज पडावी याचे वाईट वाटते, पण बाप्तिस्म्यानंतरचा रविवार हाच पुष्कळांचा पहिला गैरहजेरीचा रविवार असतो. जेवणावळ झाली, पाहुणे गेले, थकवा आला, आणि मग दुसरा आणि तिसरा रविवारही गेला. आमच्याकडे म्हणून आता नव्या व्यक्तीला पुढच्याच रविवारी काही काम दिले जाते, शास्त्रवाचन किंवा दारात गीतांची पुस्तके वाटणे. प्रौढांनी प्रभुभोजनात (भाकर व द्राक्षारसाच्या विधीत) केव्हा सहभागी व्हायचे आणि बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी दृढीकरणाच्या वर्गाला केव्हा यायचे, हे पाळकांना विचारून वहीत लिहून ठेवावे.

मिळालेली मेणबत्ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात आडवी ठेवू नये; एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ती वाकते. स्टीलच्या पेल्यात उभी करून ठेवावी आणि दर वर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला जेवणापूर्वी थोडा वेळ पेटवावी. दाखल्याची मूळ प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवून तिचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा. कॅथलिक मंडळीत लग्नाच्या वेळी जुना दाखला चालत नाही, बाप्तिस्मा जिथे झाला तिथल्या नोंदवहीवरून नव्याने काढलेला लागतो, कारण दृढीकरण आणि विवाह यांच्या नोंदी त्याच पानाच्या समासात होत जातात.

नोकरीनिमित्त नाशिक सोडावे लागले तर जाण्यापूर्वी पाळकांकडून नव्या मंडळीच्या नावे पत्र घ्यावे. काही ओळींचेच पत्र असते. त्यात आपले नाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि ही व्यक्ती आमच्या मंडळीची असून आपल्या हाती सोपवत आहोत एवढेच लिहिलेले असते. ते पोहोचल्याच्या पहिल्या रविवारी तिथल्या पाळकांच्या हाती द्यावे, म्हणजे पुष्कळ ठिकाणी ते उपासनेत आपले नाव वाचून दाखवतात.